मार्क्सवादी स्त्रीवादाची चिकित्सा कशी लिहावी: पायरी-पायरीने

मार्क्सवादी स्त्रीवाद म्हणजे स्त्रीचं दुय्यमत्व मालमत्ता, वर्ग आणि भांडवलशाही यांच्या आधारे समजावणारा विचार. "मार्क्सवादी स्त्रीवादाच्या मर्यादा सांगा" हा प्रश्न समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यासाच्या परीक्षेत फिरून फिरून येतो, आणि उत्तरंही ठरलेलीच येतात. हा सिद्धांत सगळं वर्गावर आणून सोडतो, लैंगिकतेकडे दुर्लक्ष करतो, वंशाचा विचार करत नाही, रशियात फसला. चारही वाक्यांत तथ्य आहे. पण अशी उत्तरं मी ढिगाने वाचली आहेत, आणि बहुतेकांत एकच उणीव दिसते: टीका नेमकी कोणाच्या, कोणत्या विधानावर आहे, याचा पत्ता नसतो. त्यामुळे ती कुठेच लागत नाही. घरकाम हा श्रम आहे हे मला याच परंपरेने शिकवलं. म्हणून तिच्यावरची टीका मोघम झालेली मला बघवत नाही. मी स्वतः ज्या क्रमाने लिहिते, तो क्रम इथे मांडते.

पायरी 1: कोणाबद्दल बोलताय ते आधी ठरवा

मार्क्सवादी स्त्रीवाद हा एकच एक सिद्धांत नाही. किमान चार वेगळे प्रवाह ओळखता आले पाहिजेत.

पहिला फ्रेडरिक एंगल्सचा. 1884 साली आलेल्या 'कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांचा उगम' या पुस्तकात त्याने स्त्रीच्या दास्याचं मूळ खाजगी मालमत्तेत शोधलं. दुसरा प्रवाह घरकामाच्या चर्चेचा. 1969 मध्ये मार्गारेट बेन्स्टनने घरकाम हा उत्पादनाचाच भाग आहे असं मांडलं. 1972 मध्ये मारियारोसा दाल्ला कोस्ता आणि सेल्मा जेम्स यांनी पुढे जाऊन म्हटलं की गृहिणी श्रमशक्ती, म्हणजे मालकाला विकता येणारी काम करण्याची क्षमता, निर्माण करते, म्हणून तिचं काम थेट भांडवलाच्या नफ्याशी जोडलेलं आहे. घरकामाला वेतन मागणारी चळवळ यातून उभी राहिली. सिल्विया फेदेरिची त्याच चळवळीतली. तिसरा प्रवाह हायडी हार्टमनचा, 1979 च्या निबंधातून गाजलेला: भांडवलशाही आणि पितृसत्ता या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत आणि त्या हातात हात घालून चालतात. चौथा लीस व्होगेलचा, 1983 मधला, ज्यातून आजचा सामाजिक पुनरुत्पादनाचा (माणसांना जन्म देणं, वाढवणं, जगवणं याचा) सिद्धांत वाढला. हा प्रवाह म्हणतो, दोन व्यवस्था नकोत, एकाच चौकटीत सगळं समजून घेता येतं.

हार्टमनला पुष्कळ जण समाजवादी स्त्रीवादी, म्हणजे वर्ग आणि पितृसत्ता दोन्हींना सारखं वजन देणारी, म्हणतात. उत्तरात तुम्ही तिला कुठे ठेवता ते एका वाक्यात सांगून टाका. नाहीतर असं होतं की विद्यार्थी "मार्क्सवादी स्त्रीवाद पितृसत्तेला स्वतंत्र स्थान देत नाही" असं लिहितात आणि दोन परिच्छेदांनंतर हार्टमनलाच मार्क्सवादी स्त्रीवादाची प्रतिनिधी म्हणून उभी करतात. तिचा तर सगळा खटाटोप पितृसत्तेला स्वतंत्र स्थान देण्यासाठीच होता.

पायरी 2: उगम, टिकाव आणि शेवट हे तीन प्रश्न सुटे करा

माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी ही. स्त्रीच्या दुय्यमत्वाबद्दल कोणताही सिद्धांत तीन प्रश्नांची उत्तरं देऊ पाहतो. ते सुरू कशामुळे झालं? आज टिकून कशामुळे आहे? आणि संपेल कशाने? मार्क्सवादी मांडणीत ही तिन्ही उत्तरं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की वाचताना सांधा दिसत नाही. भांडवलशाहीला स्त्रीच्या फुकट श्रमाचा फायदा होतो, असं वाचलं की आपण नकळत पुढचं वाक्य मनात जोडतो: म्हणजे तिचं दास्य भांडवलशाहीने निर्माण केलं, आणि भांडवलशाही गेली की तेही जाईल.

हा सांधा 1975 मध्ये गेल रुबिनने उसवून दाखवला. स्त्रिया भांडवलशाहीच्या उपयोगी पडतात हे सांगणं एक, आणि त्या उपयोगातूनच त्यांचं दास्य जन्मलं असं म्हणणं दुसरं, असा तिचा मुद्दा होता. भांडवलशाहीचा मागमूसही नसलेल्या समाजांतही स्त्रिया दबलेल्या होत्या, याकडे तिने लक्ष वेधलं. श्रमशक्ती उद्या कामावर हजर करण्यासाठी चीनमधल्या मुलींचे पाय बांधण्याची काहीच गरज नव्हती. घरकाम कोणीतरी करणं भांडवलाला लागतं, हे खरं. ते बाईनेच का करायचं, याचं उत्तर त्या गरजेत सापडत नाही.

कागदावर तीन रकाने आखा: उगम, टिकाव, शेवट. वाचलेली प्रत्येक टीका यांपैकी एकात टाका. एखादी टीका दोन रकान्यांत जात असेल तर बहुधा ती दोन टीकांची मोळी आहे, ती सोडवून दोन्ही सुट्या करा.

पायरी 3: उगमाच्या दाव्याला मुळापासून तपासा

एंगल्सचा युक्तिवाद थोडक्यात असा. पशुपालनातून वरकड संपत्ती आली, ती पुरुषांच्या ताब्यात गेली, ती आपल्याच मुलांना मिळावी म्हणून पितृत्वाची खात्री हवी झाली, आणि त्यासाठी स्त्रीवर एकनिष्ठेचं बंधन आलं. आईकडून चालणारा वारसा गेला, आणि एंगल्सच्या शब्दांत स्त्रीजातीचा जागतिक ऐतिहासिक पराभव झाला.

पुराव्याच्या अंगाने टीका सोपी आहे. एंगल्सने मुख्य आधार घेतला तो मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गनच्या 1877 च्या ग्रंथाचा. सगळे समाज समूहविवाहापासून एकपत्नीत्वापर्यंत एकाच जिन्याने चढत गेले, ही मॉर्गनची कल्पना पुढच्या मानववंशशास्त्राने सोडून दिली. एवढं लिहून बहुतेक जण थांबतात. पण जुन्या पुस्तकातली माहिती जुनी निघाली, यात सिद्धांताची खरी मर्यादा अजून आलेलीच नाही.

ती युक्तिवादाच्या आत आहे. वरकड संपत्ती पुरुषांच्याच हाती का गेली? एंगल्स म्हणतो, कळप आणि अवजारं पुरुषांकडे होती, कारण बाहेरचं काम पुरुषाचं आणि घरातलं बाईचं अशी विभागणी आधीपासून होतीच. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. सिमोन द बोव्हुआरने 1949 मध्ये यावर बोट ठेवलं: मालमत्ता आली म्हणून पुरुषाला स्त्रीवर सत्ता गाजवावीशी का वाटली, हे मालमत्तेतून निघत नाही. गर्डा लर्नरने 1986 मध्ये तर क्रमच उलटा लावला. तिच्या मांडणीत स्त्रियांच्या लैंगिक आणि प्रजनन क्षमतेवरचा ताबा आधी येतो, खाजगी मालमत्ता आणि वर्ग नंतर.

आता एंगल्सच्याच पुस्तकातली एक जागा जवळून बघा. त्याच्या सिद्धांताप्रमाणे कामगाराकडे मालमत्ता नाही, म्हणून कामगाराच्या घरात पुरुषी वर्चस्वाला पायाच उरत नाही. तो तसं स्पष्ट लिहितो. आणि मग त्याच वाक्याला एक शेपूट जोडतो: एकपत्नीत्व आल्यापासून बायकांशी जी क्रूर वागणूक रुजली, तिचा थोडाफार अंश कदाचित सोडून. घरात मार खाणारी कामगार स्त्री या एका शेपटात आहे. एंगल्सला ती दिसली होती, पण सिद्धांतात तिला जागा नव्हती, म्हणून ती अपवाद म्हणून आली. मर्यादा दाखवायची तर अशी दाखवावी, लेखकाच्याच वाक्यात, जिथे त्याची चौकट त्याला अपुरी पडते तिथे.

दुसरी बाजूही नोंदवा. एलिनॉर लीकॉकने 1972 मध्ये या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहून एंगल्सचा गाभा राखला. कॅनडातल्या इन्नू लोकांच्या अभ्यासातून तिने दाखवलं की फरचा व्यापार आणि मिशनरी येण्याआधी त्यांच्यात स्त्री-पुरुष संबंध बरेच समतेचे होते. तेव्हा "पुरुषी वर्चस्व सगळीकडे सर्वकाळ होतं" असं बेधडक लिहून एंगल्सला खोडू नका, ते विधानही वादग्रस्तच आहे.

पायरी 4: टिकावाच्या दाव्याला एक अवघड उदाहरण द्या

घरकामाच्या चर्चेत 1970 च्या दशकात एक तांत्रिक वाद रंगला: घरकाम मूल्य निर्माण करतं की फक्त उपयोगमूल्य, म्हणजे विकायची नव्हे तर वापरायची उपयुक्तता? मार्क्सच्या अर्थाने मूल्य ठरतं ते बाजारातल्या विनिमयात, जिथे स्पर्धा प्रत्येकाला ठरावीक वेळेत काम उरकायला भाग पाडते. घरात तशी स्पर्धा नाही. भांडी घासायला अर्धा तास लागला की दीड, यावरून कोणाचं दिवाळं निघत नाही. म्हणून घरकामातून वरकड मूल्य, म्हणजे भांडवलाच्या नफ्याचं मूळ, निर्माण होतं हा दाल्ला कोस्ता-जेम्स यांचा दावा कडव्या मार्क्सवाद्यांनाही पटला नाही. हा वाद उत्तरात तीन-चार ओळींत आटपा. मॅक्सीन मॉलिन्यूने 1979 मध्येच सुचवलं होतं की ही चर्चा घरकामाच्या आर्थिक हिशेबात अडकली आणि स्त्रीच्या दुय्यमत्वाचा मोठा प्रश्न बाजूला राहिला.

त्यापेक्षा सिद्धांतासमोर असं उदाहरण ठेवा, जे त्याला पेलवणार नाही. माझं उदाहरण घरातलं आहे. माझी आजी शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. आई पहाटे उठून तिला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, चादर बदलायची, दर दोन-तीन तासांनी पुन्हा कूस. रात्री आजीच्या कण्हण्याचा सूर बदलला तरी आईला जाग यायची. मी या सिद्धांताची पहिली पुस्तकं त्याच घरात वाचली. त्यांत लिहिलं होतं की घरकाम श्रमशक्तीचं पुनरुत्पादन करतं, आजच्या कामगाराला उद्यासाठी तयार करतं आणि उद्याच्या कामगाराला वाढवतं. आजी कधीच कामाला जाणार नव्हती. तिच्या सेवेतून कोणत्याही मालकाला उद्या एकही मजूर मिळणार नव्हता. तरी ते काम होत होतं, आणि मुलगे घरात असताना सूनच ते करत होती.

वृद्धांची, गंभीर अपंगत्व असलेल्यांची, मरणाच्या दारातल्या माणसांची सेवा हा घरातल्या कामाचा लहानसहान कोपरा नव्हे. 'भांडवलाला गरज आहे म्हणून' हे स्पष्टीकरण तिथे गळून पडतं. माया, कर्तव्य, लाज, लोक काय म्हणतील ही भीती, आणि बाईकडूनच हे अपेक्षित असण्याची सवय, हे सगळं श्रमाच्या हिशेबात मावत नाही. याला समाजशास्त्रात प्रकार्यवादाचा दोष म्हणतात: एखादी गोष्ट व्यवस्थेच्या उपयोगाची दिसली की तो उपयोगच तिचं कारण मानायचा, आणि उपयोगी नसलेल्या गोष्टींकडे पाठ फिरवायची. मिशेल बॅरेटने 1980 मध्ये मार्क्सवादी स्त्रीवादाच्या आतूनच हा दोष दाखवला आणि विचारप्रणाली, म्हणजे स्त्रीत्व-पुरुषत्वाच्या घट्ट बसलेल्या कल्पना, गंभीरपणे घ्यायला सांगितलं.

टिकावाच्या रकान्यात अजून एक प्रश्न लिहा: फायदा कोणाला? भांडवलाला, असं उत्तर पुरं नाही. संध्याकाळी आयतं ताट मिळतं ते नवऱ्याला, आणि तो स्वतः कामगार असतो. हार्टमनने नेमकं हेच पकडलं. इंग्लिश कायद्यात जसे नवरा-बायको एक मानले जात आणि तो एक म्हणजे नवरा, तसं मार्क्सवाद आणि स्त्रीवाद यांचं लग्न झालं आणि उरला तो मार्क्सवाद, ही तिची तुलना प्रसिद्ध आहे. पुरुष कामगारांच्या संघटनांनी स्त्रियांना चांगल्या नोकऱ्यांपासून दूर ठेवलं, कुटुंब पोसण्याइतकी मजुरी पुरुषाला मागितली, आणि त्यामुळे बाई घरात आणि कमी पगारात अडकली, असं ती दाखवते. यावर जेन हम्फ्रीजचं म्हणणं असं की कामगारांनी कुटुंब टिकवलं ते मालकांविरुद्धचा आधार म्हणून, आणि त्यात बायकांचाही स्वार्थ होता. दोन्ही वाचा. माझा कल हार्टमनकडे आहे, कारण आधार दोघांना लागत असेल तर कष्टाची वाटणी एवढी एकतर्फी का, याचं उत्तर हम्फ्रीजच्या मांडणीत मला मिळालं नाही.

पायरी 5: चौकटीबाहेर काय राहिलं ते पहा

लैंगिकता आणि हिंसा: बलात्कार, घरातली मारहाण, पोर्नोग्राफी, विनयभंग हे कोणत्या उत्पादनसंबंधातून समजून घ्यायचं? कॅथरिन मॅकिननने 1982 मध्ये मांडलं की मार्क्सवादात कामाचं जे स्थान, ते स्त्रीवादात लैंगिकतेचं: सर्वांत आपली असलेली आणि सर्वांत जास्त हिरावून घेतलेली गोष्ट. ही टीका भक्कम आहे. मात्र मॅकिननचं स्वतःचं टोक, म्हणजे सगळं लैंगिकतेवर आणून सोडणं, डोळे झाकून स्वीकारू नका. त्याने एका घाण्याचा बैल सोडून दुसऱ्या घाण्याला जुंपल्यासारखं होतं.

वंश: इथे "वंशाचा विचार केला नाही" एवढं लिहून भागत नाही, विचार केला असता तर सिद्धांतात काय बदललं असतं ते लिहा. अँजेला डेव्हिसने 1981 मध्ये ते करून दाखवलं. घरकामाला वेतन मिळालं की मुक्तीची वाट खुली होईल, या मागणीवर तिचं उत्तर होतं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या घरात पगारावर हेच काम करत आल्या आहेत. वेतन मिळालं, मुक्ती कुठे मिळाली? शिवाय ज्या गृहिणीला सिद्धांताने केंद्रस्थानी ठेवलं, ती नवऱ्याच्या पगारावर घरात राहणारी बाई होती, आणि गुलामगिरीतून आलेल्या समाजातल्या स्त्रीला तसं घरात राहण्याची चैन क्वचितच मिळाली. हार्टमनच्या 'लग्ना'ला उत्तर देताना ग्लोरिया जोसेफने 1981 मध्येच विचारलं की या संसारात वर्णवाद कुठे आहे. 1982 मध्ये ब्रिटनमध्ये हेझल कार्बीने दाखवलं की कुटुंब हे कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी जाचाचं ठिकाण असलं, तरी वर्णद्वेषी राज्यसंस्थेविरुद्ध तग धरण्याचं ठिकाणही तेच होतं. एकाच 'कुटुंबा'वर बेतलेला सिद्धांत इथे डगमगतो. जात आणि वसाहतवाद यांच्या अंगानेही हाच प्रश्न विचारता येतो.

पायरी 6: शेवटाच्या दाव्याला इतिहासापुढे उभं करा

सोव्हिएत रशियाचं उदाहरण सगळे देतात, पण तारखांशिवाय देतात. 1918 चा कौटुंबिक कायदा, 1919 मध्ये कम्युनिस्ट पक्षाचा महिला विभाग, त्याच्या पहिल्या प्रमुख इनेसा आर्मांड आणि नंतर अलेक्झांड्रा कोलोंताय, 1920 मध्ये गर्भपाताला कायदेशीर मान्यता. सामुदायिक भोजनगृहं आणि पाळणाघरं उभारून घरकाम समाजाने उचलायचं, ही कल्पना होती. मग 1930 मध्ये महिला विभाग बंद झाला, 1936 मध्ये गर्भपातावर बंदी आली आणि घटस्फोट अवघड झाला. बंदी उठली ती 1955 मध्ये. उत्पादनाची साधनं राज्याच्या मालकीचीच होती, स्त्रिया प्रचंड संख्येने कारखान्यांत होत्या, आणि घरी आल्यावर दुसरी पाळी त्यांचीच होती.

यावरून काय सिद्ध होतं ते काटेकोर लिहा. मालमत्तेचे संबंध बदलणं पुरेसं नाही, एवढं सिद्ध होतं. ते बदलणं गरजेचंही नाही, असं यातून निघत नाही. कोणी म्हणेल तो खरा समाजवाद नव्हता. हा आक्षेप ऐकून घ्यावा, आणि मग विचारावं: कोणत्या परिस्थितीत तुमचा दावा चुकला असं तुम्ही मान्य कराल? याला उत्तर नसेल तर दावा तपासण्याच्या पलीकडे गेला, आणि ती त्याची मर्यादाच आहे.

पायरी 7: सिद्धांताला उत्तर देऊ द्या

ही पायरी गाळली की टीका अर्धी राहते. आयरिस यंगने 1981 मध्ये हार्टमनला सांगितलं की दोन व्यवस्था मानल्याने मार्क्सवादाचं अर्थशास्त्र जसंच्या तसं लिंगभेदाला आंधळं राहतं, आणि पितृसत्तेची बोळवण कुटुंबात होते. व्होगेलने त्यापुढे जाऊन एकच चौकट बांधली: भांडवलाला श्रमशक्ती हवी, पण बाळंतपणाच्या काळात तीच स्त्री कामावर कमी येते. या ताणातून स्त्रीला घराशी आणि पुरुषाला तिच्या पोषणाशी बांधणाऱ्या व्यवस्था आकार घेतात. श्रमशक्ती केवळ जन्मातून येत नाही, स्थलांतरातून आणि गुलामगिरीतूनही येते, हेही तिने मान्य केलं.

मला ही या परंपरेतली सर्वांत प्रामाणिक मांडणी वाटते. तरी आपला जुना प्रश्न तिला विचारा. बाळंतपणाचा काळ काही महिन्यांचा असतो. मूल दहा वर्षांचं झाल्यावरही, किंवा घरात मूलच नसताना, काम बाईकडेच का राहतं? आणि स्थलांतराने श्रमशक्ती भरून काढता येत असेल, तर कुटुंबाचा हाच साचा का लागतो? ताण कुठून येतो ते व्होगेल दाखवते. तो पुरुषी सत्तेच्याच रूपाने का सोडवला जातो, यासाठी तिला इतिहासाकडे जावं लागतं. ती ते नाकारत नाही.

पायरी 8: आता परिच्छेद लिहा

नेहमी दिसणारा परिच्छेद असा: "मार्क्सवादी स्त्रीवाद फक्त आर्थिक घटकांना महत्त्व देतो. तो पितृसत्ता, लैंगिकता आणि संस्कृतीकडे दुर्लक्ष करतो. त्यामुळे तो एकांगी आहे."

तोच मुद्दा असा लिहून बघा: "दाल्ला कोस्ता आणि जेम्स यांच्या मते गृहिणीचं काम श्रमशक्ती निर्माण करून भांडवलाला टिकवतं. घरकामाला श्रम म्हणून दृश्य करणं हे या मांडणीचं मोठं काम. पण घरातली बरीच सेवा अशा माणसांसाठी होते जी कधीच श्रमबाजारात परतणार नाहीत, आणि तीही बहुतांशी स्त्रियाच करतात. तेव्हा भांडवलाची गरज हे कारण घरकामाच्या एका भागाला लागू पडतं. कामाची वाटणी लिंगानुसार का होते हे त्यातून ठरत नाही. रुबिनने उपयोग आणि उगम यांत केलेला फरक इथे निर्णायक आहे. व्होगेलचं उत्तर बाळंतपणाच्या काळापुरतं हे अंतर भरून काढतं, त्यानंतरचं नाही."

दुसऱ्या परिच्छेदात दावा कोणाचा आहे ते कळतं, श्रेय दिलेलं आहे, उदाहरण तपासता येतं, टीका टिकावाच्या रकान्यातली आहे आणि विरोधी पक्षाचं उत्तरही आलं आहे. लिहून झालं की 'फक्त', 'पूर्णपणे', 'दुर्लक्ष करतो' हे शब्द शोधा. जिथे सापडतील तिथे त्या लेखिकेचं मूळ पान उघडून बघा की तिने खरंच दुर्लक्ष केलं होतं का. बहुतेक वेळा एंगल्सच्या त्या शेपटासारखं एखादं वाक्य तिथे निघतं. तेच उचला आणि परिच्छेद त्याच्याभोवती पुन्हा बांधा.